सेनापतीच्या घोड्याला पाणी

जेवणाच्या सुट्टीतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. भोंगा होतो, डबे पिशवीत जातात, किस्से तेवढे मागे राहतात. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका सळई मिलच्या लॅबमध्ये आहे. फावल्या वेळात लढाया आणि दरबारी कारस्थानांची एक कादंबरीमाला लिहिते. राज्य काल्पनिक, राजेही काल्पनिक. चार वर्षं झाली, लिहिलेलं दुपारी इथल्या मंडळींना वाचून दाखवते. वाचताना माझं जेवण राहतं, म्हणून प्रत्येक जण माझ्यासाठी चतकोर भाकरी काढून ठेवतो. अशी रॉयल्टी कोणत्या लेखकाला मिळते!

पहिल्याच भागात माझं चाळीस हजारांचं घोडदळ एका दमात वाळवंट ओलांडून गेलं. क्रेन चालवणारे उत्तमकाका मेंढरं राखणाऱ्या घरातले. घास हातातच धरून त्यांनी विचारलं, "पोरी, घोड्याला पाणी कुठं पाजलं?"

दुसऱ्या दिवशी वाळवंटात तळं आलं.

भट्टीवरचा मिलिंद आमच्याकडे पाठ करून जेवतो. "खोट्या राजाची खोटी लढाई, मी कशाला ऐकू?" पण नायकाने भट्टीतून लालभडक तलवार हाताने उपसली, तेव्हा पाठमोराच बोलला, "ताई, त्याला आधी दवाखान्यात न्या. मंग लढवा."

प्रधान राजाविरुद्ध कट रचतो, तो प्रसंग मी पडद्याआड कुजबुजत घडवला होता. सळई लाटणाऱ्या रोलिंग मशीनवरचे सलीमभाई हसले. "कुजबुजलं की सगळे कान देतात. गुपित बोलायचं तर मशीनपाशी. बिलकुल कोणाला ऐकू येत न्हाई."

तेव्हापासून माझा प्रधान लोहारशाळेत, घणांच्या आवाजात कट रचतो. पुस्तकावर नाव माझं एकटीचं असेल, पण मालिका एकटीची नाही. या माणसांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही, आणि फेडायचेही नाहीत.

चौथ्या भागाच्या शेवटी म्हातारा सेनापती मरणार होता. तो जखमी होऊन किल्ल्याच्या दारात पडला, तिथवर मी वाचलं. काका म्हणाले, "उद्या मी ॲडमिट होऊन राह्यलो. हार्टचं ऑपरेशन हाय. मी येईस्तोवर त्याला मारू नको." बोलले हसतच, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वही काढली, तर मिलिंदनेच तिच्यावर हात ठेवला. "पुढचं न्हाई वाचायचं. काका आल्यावर."

दीड महिना आम्ही जुनीच पानं वाचली. सेनापतीच्या मरणाचं आधीच लिहून ठेवलेलं पान मी घरी फाडून टाकलं.

मग काका आले. बारीक झाले होते, भिंतीला धरून सावकाश खाली बसले. मी वाचायला लागले. सेनापतीने डोळे उघडले.

काकांनी हात वर केला. "थांब. दीड महिना हा पडून व्हता. त्याच्या घोड्याला पाणी कोणी पाजलं?"

मी वहीची मागची पानं चाळू लागले.

पाठमोरा मिलिंद म्हणाला, "मी पाजलं, काका. रोज."