सेमी म्हणजे एका दाबात एकच गोळी

दुबईच्या अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीचे वॉचमन काका साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, पण चुकीचा शब्द कानावर पडला की त्यांना राहवत नाही. माझी मुलगी लिफ्टपाशी शाळेतल्या वादविवादाची तयारी करत होती. विषय होता, अमेरिकेत बंदूकबंदी हवी की नको. तिनं ‘ऑटोमॅटिक रायफल’ म्हणताच काकांनी थांबवलं.

“तिकडं दुकानात मिळते ती ऑटोमॅटिक नाही, सेमी. चाप दाबून धरला तरी एकच गोळी. दुसरीसाठी पुन्हा दाबायचं.”

“सो इट्स सेफ, अंकल?”

“नाही बाळा. मी चालवलीय. माणूस एका गोळीनंही जातो. पण तुझा शब्द चुकला, तर समोरचा शब्दावरच भांडत बसेल. मेलेल्यांचं राहूनच जाईल.”

स्पर्धेत तसंच झालं. समोरच्या मुलानं ‘ऑटोमॅटिक की सेमी’ यावरच तिला पकडायला पाहिलं. तिनं फरक शांतपणे समजावला आणि म्हणाली, “नाउ कॅन वी टॉक अबाउट द डेड?”

परीक्षकांनी नंतर विचारलं, हे कुणी शिकवलं?

“माय अंकल,” ती म्हणाली.

मी परत आल्यावर काकांना हे सांगितलं. ते खुर्चीतून उठले आणि फौजेतल्यासारखे सावधान, ताठ उभे राहिले.