अर्थ विचारला म्हणून

दिवसभर शाळेत मी घसा कोरडा करते, "शंका विचारा रे पोरांनो, येडपट वाटली तरी विचारा." औरंगपुऱ्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवते ना मी! आणि घरी पोटच्या पोरीनं एक शंका विचारली, तर तिला मारलं. हे लिहितानाही एका जागी बसवत नाय. मधेच उठून ओटा पुसून आले.

लेक नऊ वर्षांची. ती इंग्रजी शाळेतून आली की संध्याकाळी मी तिचा अरबी कुराणाचा सबक घेते. त्या दिवशी तिनं नमाजातली पहिली सूरा घडाघडा म्हटली. मी माशाअल्लाह म्हणणार, तेवढ्यात बाईसाहेब विचारतात, "अम्मी, याचा अर्थ काय?"

आता अर्थ मला तरी कुठं माहीत! पाचोडला कुराण शिकवणाऱ्या आपांकडं आम्ही पोरी ओळीनं बसून, डुलत डुलत पाठ करायचो. अक्षराखालच्या-वरच्या जेर-जबरची एक खूण चुकली की कान पिरगाळला जायचा, अर्थाचं मात्र कुणी नावच काढत नव्हतं.

"आधी नीट वाच. अर्थ मोठेपणी," मी म्हटलं.

"पण तू तर मोठी झालीस ना? तुलाच येत नाय ना?"

खरं बोललं तर सख्ख्या आईला राग येतो म्हणतात, ते काय खोटं नाय. हाणला पाठीत एक धपाटा.

त्यानंतर पोरगी लई शहाणी झाली. सबक वाचायची, मिटायची, उठून जायची. "बघ, किती गुणाची झाली," आमचे हे म्हणाले. वर्गातही असली पोरं असतात, कधीच काही न विचारणारी, आणि मला धास्ती त्यांचीच वाटते. मीही आपांना एकदा अर्थ विचारला होता. फटका बसला, तो विषय तिथंच संपला. तीस वर्षं पुन्हा विचारलं नाय मी.

शनिवारी शाळा सुटल्यावर तडक शहागंज गाठलं. पुस्तकवाल्या चाचांकडं कुराणाचा मराठी तर्जुमा, म्हणजे अनुवाद मागितला.

"उर्दू ले जाओ ना बाजी, मराठी कौन पढ़ता?"

"मैं पढ़ती," मी म्हटलं. "शिकले मराठीत, भांडते मराठीत, चाचा. समजतंही मराठीतच."

चाचा हसले आणि आतून एक प्रत काढून आणली.

घरी आल्यावर लेकीला जवळ बसवलं. "मला येत नव्हतं बेटा, म्हणून मारलं. चुकलं माझं. चल, दोघी मिळून वाचू."

अरबीतली ओळ ती वाचायची, मराठीतली मी. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली. ओठ हलले, पण आवाज फुटेना. तिनं आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग हळूच म्हणाली, "अम्मी, विचारू का?"

नऊ वर्षांत माझ्या पोरीनं प्रश्नासाठी कधी परवानगी मागितली नव्हती.