अर्धा तास तहकूब

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या पर्यटन सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब करण्यात आली आहे!

ही घोषणा मी परळी तालुक्यातल्या आमच्या गावच्या जुन्या देवळासमोर उभं राहून, खणखणीत आवाजात केली. ऐकायला एक शेळी होती. तिनं हरकत घेतली नाही.

सरकारचा नवा नियम असा की, देवळावर पाहुण्यांना माहिती सांगायची तर बिल्ला हवा. बिल्ल्यासाठी नोंदलेली संस्था हवी. आणि संस्था टिकवायची तर वर्षातून एकदा सभा हवी. मी संस्थेचा सचिव आणि गावातला एकुलता एक गाईड. सभा झाली नाही तर बिल्ला जाणार होता, आणि त्या बिल्ल्यापायीच तर मी मागं राहिलो होतो. पावसानं पाठ फिरवली, तसे सगळे धडधाकट सभासद दसऱ्याआधीच ऊसतोडीला निघून गेले. माझी बायकोही गेली, भावाच्या टोळीतून. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. तिला मुकादमानं अर्धा कोयता म्हणून नेलं. उरलेला अर्धा इथं इस्त्रीचा सदरा घालून घड्याळाकडं बघत होता.

अर्धा तास फार मोठा असतो. भिंतीवरच्या मूर्तींना मी देवळाची सगळी माहिती सांगून पाहिली, इंग्रजीतसुद्धा. कुणी शंका विचारली नाही. गल्लीत दारोदार कुलपं.

उपनियम मात्र दयाळू. तहकुबीनंतर गणपूर्ती लागत नाही. पण ठरावाला अनुमोदक लागतोच, आणि स्वतःच स्वतःला अनुमोदन देण्याइतका पुढारी मी झालो नव्हतो. देवळाच्या दारात नारळ विकणारी म्हातारी मावशी सभासद होती. गिऱ्हाईक नाही म्हणून घरीच पडून असायची. तिला हाताला धरून आणलं.

"मावशी, हात वर करा."

"कावून?"

"अनुमोदन द्यायला."

"उजवा खांदा धरलाय माझा. डावा चालंल का?"

डावा चालला. मी ठराव वाचत गेलो, डावा हात वर जात गेला. सगळे विषय एकमतानं मंजूर. बिल्ला वाचला! मी सर्वांचे आभार मानले आणि एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मावशी रिकाम्या सतरंजीकडं बघत राहिली, आणि एकदम ओरडली,

"ही काय सभा हाय व्हय रं? भांडायला बी कुणी ठिवलं न्हाई!"