तांब्याची नळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही म्हणतात. आज तुम्हाला का सांगतोय? दुःखात आहे म्हणून नाही. उलट पोटभर जेवतो, झोप लागते, नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात. जगलो ते सुखात जगलो. तेच सांगायला जरा जड जातंय.

कोयनेच्या धरणावर मी फिटरकी शिकलो आणि कोरेगावजवळ आमच्या गावी पिठाची गिरणी घातली. आणीबाणीच्या आधीची ती वर्षं. डिझेल मिळायचं नाही. डबे घेऊन मी दिवसभर रांगेत, आणि इकडं बाया दळणाच्या पाट्या तशाच डोक्यावर घेऊन माघारी. मग मनात आलं — इंजिन करंजाच्या तेलावर चालवलं तर?

तेल घट्ट, पण तापलं की पातळ होतं. सायलेन्सरची धग होतीच. तिच्याभोवती नळीचं वेटोळं घालायचं, इंजिन थोड्या डिझेलवर चालू करायचं, गरम झालं की तेलाची तोटी सोडायची. नळी कसली घ्यायची, एवढाच प्रश्न. माझ्याकडं तांब्याची पडून होती. तांबं हातानं वळतं, चटकन तापतं. आणखी काय हवं?

करंजाचं तेल शेवंताकाकूच्या घाण्याचं. काकू एकटी बाई, नवऱ्यामागं एका बैलावर घाणा चालवायची. चार गावं तिचंच शेंगतेल खायची. तेल घेऊन आली तेव्हा तिनं ते वेटोळं पाहिलं.

"आवं फिटर, तेलाला तांबं नगा लावू. मी कवाच तांब्यात तेल ठेवत न्हाई. हिरवं पडतंय, मग चिकटतंय. त्यात तुमी तापवनार!"

मी हसलो. "काकू, ह्यो घाणा न्हवं. इंजान हाय."

हसलो — ते एक वेळ सोडा. पुढचं ऐका.

इंजिन चाललं. महिनाभर लोक नुसते बघायला यायचे, आणि मीही मिशीत हसत उभा राहायचो. मग ऐन दिवाळीच्या तोंडावर, दारात पाट्यांची रांग असताना, ते धापा टाकत बंद पडलं. मी इंजिनात तेल फवारणारा नोझल उघडला. आत हिरवट, डिंकासारखं साचलेलं. पंपाचा दांडा जागच्या जागी चिकटलेला. मला तिथंच कळलं. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

"काय झालं रं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"तेलात भेसळ हाय."

तोंडातून निसटलं म्हणू का? नाही. हातातला नोझल पुसत, नीट विचार करून बोललो.

संध्याकाळच्या आत काकू आली. लोक होतेच. तिनं तो चिकटा बोटावर घेतला, चोळला, हुंगला. वेटोळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माझ्या तेलात भेसळ हाय म्हंता?"

मी म्हणालो, "व्हय."

तिनं बोट पदराला पुसलं. "इंजनाचं तुमाला कळतंय. तुमी म्हंता तसं आसंल," म्हणाली आणि गेली. तिनं तेव्हा भांडायला हवं होतं, असं मी कितीदा मनात म्हटलं असेन! म्हणजे बघा — त्यातही दोष तिचाच.

तिचं खायचं तेलही लोकांनी सोडलं. पोराबाळांच्या पोटात कोण घालणार? पुढच्या उन्हाळ्यात बैल गेला, घाणा थांबला, आणि काकू कडेगावला बहिणीकडं निघून गेली.

आणि मी? मी स्टीलची नळी आणली, वळताना चेपू नये म्हणून वाळू भरून भट्टीवर वळवली. पितळी तोटीसुद्धा काढून लोखंडी बसवली, कारण पितळेत तांबंच की. तेल दुसऱ्या घाण्याचं घेतलं. इंजिन झकास चाललं. लोक म्हणाले, बघा, शुद्ध तेलाचा गुण! मी मान डोलावली. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत इंजिनवाले विचारायला येऊ लागले. मी सगळ्यांना सांगायचो, तापल्या तेलाला तांबं-पितळ लावू नका, हा माझा अनुभव आहे. माझा! तिची अब्रू घेतली ती घेतली, तिचं शहाणपणही माझ्या नावावर चालवलं. आणि खरं सांगू? ते दिवस मला फार आवडायचे.

पाचेक वर्षांनी एका इंजिनाच्या कामाला कडेगावला गेलो होतो. परत येताना यष्टी स्टँडवर काकू भेटली. वाळली होती, पण हसली. जवळच्या पिशवीतला पेरू काढून माझ्या हातावर ठेवला.

"गिरण कशी चालतीय?"

"लय ब्येस चालतीय, काकू."

"मग झालं तर," म्हणाली, आणि बाकावर सरकून मला जागा दिली.

आम्ही शेजारी बसलो. मी पेरू खाल्ला. पाऊसपाणी, ऊस, तिच्या बहिणीचे गुडघे — सगळं बोललो. यष्टी सुटायला चांगला अर्धा तास होता.