सोळा ओहमचे दोन स्पीकर

ॲम्प जळला तेव्हा स्पीकरची वायर काकांच्या हातात होती. जमलेल्या लोकांनी तेवढंच पाहिलं, आणि मी त्यांना तेवढंच पाहू दिलं.

काका माझे नात्यातले नाहीत. आमच्या वस्तीत गेली तीसेक वर्षं प्रत्येक कार्यक्रमाचा माइक तेच लावतात. जयंती असो, लग्न असो, कोणाच्या घरी गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो; म्हणून ते सगळ्यांचेच माइकवाले काका. आमचा सात जणांचा गाण्याचा गट आहे. आम्ही वस्त्यांमध्ये, मोर्चांमध्ये गातो, आणि आमचा आवाज लोकांपर्यंत पोचतो तो काकांच्या भोंग्यांमधून. गटात मी गिटार वाजवते आणि पत्रकं लिहिते.

पत्रकं मला घरातूनच मिळाली. वडील छापखान्यात कामाला होते. शाळेतून आले की मी ओट्यावर बसून पत्रकांच्या घड्या घालायची, आणि घालता घालता वाचायची. ज्या पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव नाही ते वडील घरात ठेवत नसत. "नाव टाकायची हिंमत नाही त्यानं लिहू नये," म्हणत. मी त्यावर वाढले. कॉलेजात असताना मी प्राचार्यांच्या विरोधात लिहिलेल्या पत्रकाखालीही माझं पूर्ण नाव होतं. हे सांगते आहे ते मोठेपणासाठी नाही. पुढे जे झालं ते न शिकवलेल्या माणसाकडून झालेलं नाही, एवढं कळावं म्हणून.

मागच्या वर्षी गटानं ठरवलं की गिटारसाठी स्वतःचा ॲम्प घ्यायचा. तोवर माझी गिटार काकांच्या मशीनमध्येच जायची आणि भोंग्यातून पत्र्यावर खडे टाकल्यासारखी वाजायची. निवड माझ्यावर सोपवली. मी बैठकीत पंधरा मिनिटं बोलले. म्हटलं, दुकानातले नवे डिजिटल ॲम्प बिघडले की फेकावे लागतात, कंपनी नवीन घ्यायला लावते. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या ट्यूबचा ॲम्प आपल्याच शहरातला कारागीर बनवेल आणि तोच दुरुस्त करेल. आपण ज्या श्रमाची गाणी गातो त्या श्रमाचंच यंत्र वापरू. सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. पण खरं कारण वेगळं होतं. रामदासपेठेत एका मैत्रिणीच्या भावाच्या खोलीत मी ट्यूबच्या ॲम्पवर एकदा वाजवलं होतं. एकच तार छेडली आणि तो आवाज माझ्या बोटाच्या दाबाबरोबर आधी गोड, मग खरखरीत, मग पार चिडलेला होत गेला. मला तो हवा होता. गटाला नाही, मला. त्या हौसेला मी तत्त्वाचे कपडे घातले आणि बैठकीत उभी केली.

कारागीर सापडला तो विणकरांच्या जुन्या मोहल्ल्यात. बुढे बाबा. त्यांच्या घरी आधी हातमाग होता. माग कधीच विकला, पण जमिनीतला मागाचा खड्डा तसाच. बाबा त्याच खड्ड्यात पाय सोडून बसतात आणि समोरच्या फरशीवर जुने रेडिओ उघडून काम करतात. ट्यूबला ते वाल म्हणतात. मी काय हवं ते सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला रेडिओ बाजूला ठेवला.

"गिटार कोन वाजवते?"

"मीच."

"अन् मशीन कोन उचलते?"

"तेही मीच."

"मंग ठीक आहे. वालचं मशीन जड असते, बाई. प्रेमात पडाच्या आधी उचलून पाहावं."

दोन महिन्यांनी मशीन तयार झालं. पत्र्याचा उघडा सांगाडा, वर चार ट्यूब, मागे काळा ट्रान्सफॉर्मर. आता स्पीकर निवडायचे होते. बाबांनी तीन प्रकार समोर ठेवले. पहिला कारखान्यातून आलेला नवाकोरा. आवाज स्वच्छ, पण माझ्या कानाला तो तोंड धुऊन आलेल्या विद्यार्थ्यासारखा वाटला. दुसरा बँडवाल्यांच्या खोक्यातला. त्यात फक्त ढमढम. तिसरी होती जोडी. एका बंद पडलेल्या टॉकीजच्या पडद्यामागून निघालेले दोन स्पीकर, कागद पिवळा पडलेला, कडा बाबांनी स्वतः चिकटवलेल्या. त्यांच्यावर मी वाजवलं आणि बाकीचे दोन पुन्हा ऐकायची गरजच उरली नाही.

"मले माहीत होतं हेच उचलशील," बाबा म्हणाले. "आता ध्यान देऊन आयक. ओहम म्हंजे स्पीकर मशीनले किती अडवते त्याचं माप. माह्यं मशीन आठ ओहमचं आहे. हे दोन्ही सोळा-सोळाचे. आजूबाजूनं जोडले, दोघायले वेगवेगळी वायर, त आठ होते. मशीन खुश. एकामागं एक जोडले त बत्तीस होते. मंग मशीन आतल्या आत जळते. अन् स्पीकर काढून मशीन कधी चालू ठेवू नोको. या दोनच गोष्टी."

मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. त्यातली दुसरी सगळ्या गटाला सांगितली, काकांनाही सांगितली. कारण काकांची एक रीत होती.

कार्यक्रमात बुद्धवंदना सुरू होण्याआधी काका मंचावरच्या प्रत्येक स्पीकरची वायर स्वतःच्या हातानं काढतात. नुसतं बटण बंद करून त्यांचं समाधान होत नाही. "वंदना गळ्यानं म्हनाची, मशीननं नाही," असं त्यांचं म्हणणं. वायर निघाली की कोणाचा चुकून हात लागला तरी मशीन गुणगुणत नाही. त्यांच्या मशीनला त्यानं काही होत नसे. मी म्हटलं, "काका, माझ्या ॲम्पची वायर काढू नका, तो जळेल. पुढचं छोटं बटण दाबा, तो गप्प बसतो."

"छोटं बटन. बरं. हे तुह्यं मशीन लाडाचं आहे, वं."

पहिल्या गोष्टीबद्दल मी कोणालाच सांगितलं नाही. कारण ती मीच मोडली होती. घरी सराव करताना एकदा मी स्पीकर एकामागं एक जोडून पाहिले. आवाज लहान झाला, पण त्याला धार आली. दाताखाली वाळू आल्यासारखी. मला वाटलं, आमच्या गाण्यांना हाच आवाज पाहिजे. लहान झाला म्हणून मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. काही झालं नाही. मग मी ते तसंच ठेवलं. बाबा जुन्या काळचे, जास्त जपतात, असं मनाशी म्हटलं. जी मुलगी दर आठवड्याला कष्टकऱ्यांच्या ज्ञानावर लिहिते, तिनं एका कारागिराच्या सांगण्यावर असा शेरा मारला.

कार्यक्रम कळमन्याला होता, बाजारातल्या हमालांच्या वस्तीत. संध्याकाळचे सहा. लोक जमेपर्यंत दोन गाणी वाजवायची, मग वंदना, मग पुढचं सगळं. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर आवाज बसायला लागला. मधेच तडतडला. एका ट्यूबमध्ये जांभळी ठिणगी चमकली आणि तापलेल्या लाखेसारखा वास आला. तो वास कशाचा हे मला कळलं. त्याच क्षणी कळलं. पण बाया पोरांना घेऊन येऊन बसत होत्या, ढोलकी रंगात होती, आणि मी आणखी दोन कडवी वाजवली.

गाणं संपलं. वस्तीतल्या एका आजीनं मेणबत्ती लावली. काका आपल्या भोंग्यांच्या वायरी काढत काढत माझ्या ॲम्पपाशी आले, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या हातानं त्याचीही वायर काढली. मी पाहिलं. बोलले नाही. वंदना झाली. काकांनी वायर परत लावली, तसा आतून एकदा फट्ट आवाज आला आणि मागच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला.

आमचा ढोलकीवाला पटकन बोलून गेला, "काका, तिनं सांगतलं होतं ना, वायर काढू नोका म्हनून. काहून काढली?"

काकांनी हातातल्या वायरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "सांगतलं होतं," ते म्हणाले. "पोरी, हातानं काढली वं माह्या. मी नाही काढली."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते हे: "असू द्या काका. होतं कधीकधी."

मी त्यांना माफ केलं. माझ्या चुकीबद्दल मी त्यांना माफ केलं, आणि आजूबाजूचे लोक माझ्याकडे, काय समजूतदार मुलगी आहे, अशा नजरेनं पाहू लागले. राहिलेली गाणी आम्ही काकांच्या भोंग्यावर गायलो. गाणी सगळी न्यायाची होती.

आमच्या गटात दर महिन्याला आढावा बैठक होते. प्रत्येकानं आपली चूक स्वतः सांगायची, दुसऱ्याची नाही, असा नियम. तो नियम माझ्याच आग्रहानं आला. काका गटाचे सदस्य नाहीत, तरी कार्यक्रमानंतरच्या बैठकीला, रविवारी सकाळी, ते धुतलेला सदरा घालून आले. उभे राहून म्हणाले, "मशीन माह्या हातानं जळलं. समजावून सांगतल्यावर जळलं. आता माह्यं वय झालं, असं वाटते." कोणी म्हणालं, यापुढे वायरवर लाल पट्टी लावू. कोणी म्हणालं, काकांच्या सोबत एक जण उभा ठेवू. मी इतिवृत्त लिहीत होते. मी लिहिलं: हाताळणीतील चुकीमुळे ॲम्प निकामी. आणि खाली सही केली, पूर्ण नावानं.

ॲम्प दुरुस्तीला नेला तोही काकांनीच, सायकलच्या कॅरिअरवर बांधून. मी आठ दिवसांनी बाबांकडे गेले तेव्हा ते खड्ड्यात बसून नव्या ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"घडीभर वायर काढल्यानं असं नाही जळत," ते म्हणाले. "तवा कोनी वाजवत नव्हतं. हे वाजवता वाजवता जळलं. स्पीकर कसे जोडले होते?"

मी सांगितलं.

"मले वाटलंच. तो मानूस इथं बसून रडला, माहीत आहे?"

"तुम्ही त्यांना सांगितलं?"

"मी काहून सांगू? मी का जोडले होते?"

मी तिथून सरळ काकांकडे गेले. खरं म्हणजे सरळ नाही. दोन दिवसांनी गेले. काका अंगणात भोंगे पुसत होते. काकू म्हणाल्या, "ये वं, बस, चहा ठेवते." मी चहा यायच्या आधी सगळं सांगून टाकलं, कारण चहा पिऊन झाल्यावर माझ्यानं सांगणं झालं नसतं. ओहम, बत्तीस, वास, ती दोन कडवी. काका फडकं हातात धरून ऐकत राहिले. मला वाटलं त्यांना हलकं वाटेल. त्यांचा चेहरा हलका झाला नाही.

"मंग तू मले माफ काहून केलं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी चहा आणला आणि आमच्या दोघांकडे पाहून परत आत नेला.

"मी सगळ्याइच्या समोर बोललो," काका म्हणाले. "तू बी सगळ्याइच्या समोर बोल. अंगनात नोको बोलू."

पुढच्या बैठकीत मी बोलले. काही वगळलं नाही. ॲम्प निवडताना बोललेली ती तत्त्वाची पंधरा मिनिटंही सांगितली. बोलून झाल्यावर टाळ्या वाजल्या. ढोलकीवाला म्हणाला, "इतकं खरं बोलाले हिंमत लागते, बावा." काका बोलले होते तेव्हा त्यांना लाल पट्टी मिळाली होती. मी बोलले तेव्हा मला टाळ्या. मी म्हटलं, टाळ्या वाजवू नका. तर त्यावरही एकदोघांनी वाजवल्या. मागच्या इतिवृत्तातली ओळ मी खोडली आणि शेजारी खरं लिहिलं. काका भिंतीला टेकून बसले होते. बैठक संपायच्या आधी उठून गेले.

ॲम्प आता चांगला चालतो. स्पीकर बाबांनी सांगितलं होतं तसे आजूबाजूनं जोडलेले आहेत, आवाज पूर्वीपेक्षा मोठा आणि भरलेला आहे. पण काकांचं काही परत जागेवर आलं नाही. ते माझ्याशी नीट बोलतात, टिंगलही करतात. मात्र कुठलंही बटण दाबायच्या आधी विचारतात. "हे दाबू का, पोरी?" माझ्याच ॲम्पचं नाही, त्यांच्या स्वतःच्या मशीनचंही. चूक त्यांची नव्हती हे आता सगळ्यांना माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. त्यांच्या हाताला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात बेसा भागात कार्यक्रम होता. मांडणी झाली होती, लोक बसले होते. काकांनी आपल्या मशीनच्या बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर त्यांनी दाबलं असतं. पण हो म्हणण्याचा हा अधिकार मला त्या माफीतून मिळाला होता हे मला ठाऊक होतं. मी पाठ फिरवली आणि गिटारच्या तारा लावत बसले, त्या लागलेल्या होत्या तरी. हे त्यांच्यासाठी केलं की पुन्हा एकदा स्वतःसाठी, मला अजून ठरवता येत नाही. मागे बटण दाबल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.