परतीचे डबे

दिनकरभावजी आणि सुमन या आमच्या जुन्या स्नेह्यांची व्हॅन दाराशी थांबली. त्यांचा मुलगा गेला तेव्हा त्यांच्या घरात चूल पेटली नव्हती. नातेवाइकांनी, मित्रांनी डबे पोचवले होते. ते परत करायला दोघं तळी, जंगलं मागे टाकत हिंडत होती.

“कुरियर कर म्हटलं, तर ऐकेल ती कसली!” भावजी म्हणाले.

डबा रिकामा परत करत नाहीत. साखर घालायला सुमनचा हात धजला नव्हता. तिने वाटेतल्या जंगलातली आंबट करवंदं भरली होती.

“अगं, रिकामा चालला असता,” मी म्हणाले.

“रिकामं घरी पुष्कळ आहे, वहिनी.”

दुःखालाही हातात धरायला काहीतरी लागतं. येताना व्हॅनमध्ये डबा वाजत होता. जाताना व्हॅन निमूट वळली. आमचा डबा शेवटचा होता. आता त्यांना घरीच जायचं होतं.