पूर्वेची खूण

कुंडीतल्या मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचं, बाहेर काढून त्याचा वास घ्यायचा आणि म्हणायचं, "अजून नाय." हे आमचे काका. शारजाच्या नर्सरीत मी सुपरवायझर आणि ते माळी. पण हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मूळचे राजापूरकडचे. तुम्हीही असा माणूस कामावर पाहिला असेल, साहेब म्हणत म्हणत आपल्यालाच कामाला लावणारा.

गेल्या वर्षी जानेवारीत एका चिनी बाईंनी बहरातल्या प्लमच्या तीन कुंड्या आणल्या. त्यांच्या नववर्षाआधी झाडं मोठ्या निळ्या कुंड्यांत हलवून हवी होती.

"बहरात मुळाला हात लावायचा नाय, साहेब. बाळंतीण कधी घर बदलते काय?"

"काका, कस्टमर अर्जंट म्हणतेय. यल्ला, चला लवकर, करून टाका."

"तुम्ही करा."

मी चिडून दुसऱ्या दोघांकडून दोन झाडं हलवून घेतली. पंधरा दिवसांत दोन्ही खलास. बाई आल्या, वाळक्या फांद्या हातात घेऊन बसल्या आणि मग म्हणाल्या की ही कलमं त्यांच्या आईच्या अंगणातल्या झाडाची. आई गेली, अंगणही गेलं. आता उरलं हे एकच. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तिसऱ्याची फुलं गळेपर्यंत काका थांबले. मधल्या काळात शहाळेवाल्याकडून पोतंभर नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, आणली आणि खार निघून जावा म्हणून भिजत घातली, तीही माझ्या ऑफिसच्या बाथरूममध्ये. गावी कलमाखाली सोडण घालतात, म्हणून इथेही हवंच!

"काका, मी हात कुठे धुवायचे?"

"बाहेर नळ हाय की."

पानांचे डोळे फुगायच्या आत त्यांनी झाड काढलं, गुंता झालेली मुळं छाटली, थोडी जुनी माती तशीच ठेवली. निळ्या कुंडीत सोडणांवर झाड बसवलं आणि कुंडीवर खडूने रेघ मारली. झाडाची ही बाजू आधी पूर्वेला होती, आताही पूर्वेलाच राहणार. कुंडी हलवली की काका होकायंत्र पाहिल्यासारखे रेघ पाहत.

बाईंनी झाड काकांच्याच भरवशावर नर्सरीत ठेवलं. उन्हाळ्यात ते माझ्या खिडकीपाशी आलं आणि माझं टेबल दारात गेलं. जूनमध्ये एकदा मी कळवळून त्याला तांब्याभर पाणी घातलं. काकांनी दोन दिवस तांब्या लपवून ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दया बादलीत ठेवा, साहेब."

नोव्हेंबरात त्यांचा व्हिसा संपला. वयामुळे कंपनीने वाढवला नाही. निघताना बॅग खाली ठेवून त्यांनी मातीत बोट घातलं.

"याला थंडी हवी. गुलाबांच्या कोल्डरूममध्ये महिनाभर ठेवा."

"महिनाभर? फुलांच्या सेक्शनवाले मला मारतील!"

"मारू देत."

त्या माणसांशी मी रोज भांडलो. जानेवारीत झाड बाहेर काढलं आणि एका सकाळी काळ्या फांदीवर सात फुलं! बाईंनी कुंडीला हात जोडले, मग माझ्याकडे वळून मलाही. मी काकांना फोटो पाठवला. म्हटलं, आता तरी म्हातारा शाबास म्हणेल.

त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मागे कोंबडा आरवत होता. "दिसलं. रेघ कुठाय?"

बस्स. एवढंच. इतका संताप आला आणि इतकी आठवण आली, की फोन टेबलावर आपटला. मग उठून पाहिलं. कोल्डरूमच्या ओलीत रेघ पुसली गेली होती. ती कुठे होती ते मात्र मला पाठ होतं. मी कुंडी फिरवली आणि खडू शोधायला गेलो.